लेकराचे सांधे, सुजेची गोळी आणि पोट : नव्याने सुरुवात करणाऱ्या पालकांसाठी

मुलाला संधिवात झालाय असं घरात सांगितलं की पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : हे तर म्हाताऱ्यांचं दुखणं! पण सोळाव्या वाढदिवसाआधी सुरू झालेली, किमान सहा आठवडे टिकलेली आणि दुसरं कारण न सापडलेली सांध्यांची सूज मुलांमध्येही असते. फाइलवर ती ‘जेआयए’ (जुव्हेनाइल इडियोपॅथिक आर्थ्रायटिस) अशी लिहिलेली दिसते. पहिल्या चिठ्ठीवर बहुतेकदा सूज उतरवणारी एखादी गोळी किंवा सिरप असतं.

मी नागपुरात औषधांच्या काउंटरवर काम करतो. मेडिकल, मेयो, मिहानमधलं एम्स, धंतोली-रामदासपेठेतले दवाखाने, कुठूनही चिठ्ठी घेऊन लोक येतात. त्यातले कितीतरी गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, बालाघाट, छिंदवाड्याहून आलेले असतात. औषध घेऊन ते गावी परततात आणि थोड्याच दिवसांत फोन येतो : “भाऊ, पोट्टी जेवतच नाही हो. पोट दुखते म्हणते. गोळी बंद करू काय?”

डॉक्टर तीन-चार तासांच्या अंतरावर असताना हा प्रश्न पडतो, म्हणून आईबापांना काही गोष्टी आधीच ठाऊक हव्यात. माझं मत स्पष्ट आहे. लिहून दिलेली एकटी गोळी मुलाच्या पोटाचं सहसा फार बिघडवत नाही. त्रास वाढतो तो रिकाम्या पोटी दिल्याने, आणि घरच्यांनी न कळत वरून दिलेल्या दुसऱ्या पेनकिलरने.

आधी चिठ्ठीवरचं नाव ओळखा

नॅप्रोक्सेन, आयब्युप्रोफेन, इंडोमेथासिन, डायक्लोफेनॅक, मेलोक्सिकॅम, सेलेकॉक्सिब ही सगळी एकाच कुळातली औषधं. ती सूज उतरवतात, पण स्टेरॉइड नाहीत. पॅरासिटामॉल या कुळातलं नाही. ते ताप आणि दुखणं कमी करतं, सांध्याची सूज उतरवत नाही, आणि नेमलेल्या डोसात पोटालाही फारसं लागत नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

पोटाचाच त्रास का होतो? शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. सांध्यात ती सूज आणि वेदना वाढवतात, जठरात मात्र तीच राखणदारी करतात : आतल्या अस्तरावर बुळबुळीत थर ठेवतात, आम्लाला उतारा देतात, अस्तराचा रक्तपुरवठा सांभाळतात. मातीचं अंगण जसं वरचेवर सारवावं लागतं, तसं जठराचं अस्तर सतत नवं होत राहावं लागतं. गोळी सांध्यातली रसायनं थांबवते, तेव्हा जठरातलं हे सारवणही मंदावतं. अॅस्पिरिनसारखी औषधं याच मार्गाने काम करतात हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता.

यावरून एक व्यवहाराची गोष्ट निघते. “गोळीने पोट दुखते, तर सुई मारून घेऊ” किंवा “खालून ठेवायची गोळी देऊ” हा उपाय नाही. औषध रक्तात गेलं की जठराच्या अस्तरापर्यंत पोचतंच, तोंडाने घेतलेलं असो वा नसो.

पहिला डोस देण्याआधी डॉक्टरांना काय सांगायचं

ओपीडीत गर्दी असते आणि विचारलं तेवढंच सांगितलं जातं. न विचारता सांगायच्या गोष्टी अशा : आधी कधी अल्सर झाला होता का, शौचातून रक्त गेलं होतं का, दमा आहे का, मूत्रपिंडाचा काही आजार आहे का, जखम झाली की रक्त लवकर थांबत नाही असं होतं का, आणि सध्या दुसरं काय चालू आहे. ‘दुसरं काय’ यात वैदूची पुडी, काढा, तेलाबरोबर मिळालेल्या गोळ्या हे सगळं आलं. दुखण्यावरच्या बिननावाच्या पुड्यांमध्ये कधीकधी स्टेरॉइड किंवा डायक्लोफेनॅकच मिसळलेलं असतं. स्टेरॉइड आणि ही गोळी एकत्र पोटात गेली की अल्सरचा धोका चांगलाच वाढतो. लाजू नका, पुडी सोबत नेऊन दाखवा.

आपल्या विदर्भात आणखी एक प्रश्न आधी सोडवायला हवा : सिकलसेल, म्हणजे रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. त्यातही हातापायांचे सांधे आणि हाडं दुखतात, सुजतात. मुलाची तपासणी झाली नसेल तर करून घ्या, झाली असेल तर कार्ड दाखवा. सिकलसेलच्या मुलांच्या मूत्रपिंडावर आधीच ताण असतो, त्यामुळे या कुळातली औषधं त्यांना जास्त जपून दिली जातात.

वजन त्याच दिवशी काट्यावर करून घ्या. डोस किलोवर ठरतो. नॅप्रोक्सेन साधारणपणे दिवसाला किलोमागे १० ते २० मिलिग्रॅम, दोन भागांत देतात. म्हणजे २० किलोच्या मुलाला दिवसभरात २०० ते ४००. आयब्युप्रोफेन किलोमागे ३० ते ४०, तीन-चार भागांत. हे आकडे डोस ठरवण्यासाठी नाहीत, तो डॉक्टरच ठरवतील. पण एखादा शून्य इकडचा तिकडे झाला तर तुमच्या लक्षात यावं.

गोळी द्यायची कशी

रोज, ठरलेल्या वेळी. दुखलं तर द्यायची, नाही तर नाही, असं हे औषध नाही. दुखणं काही दिवसांत कमी होतं, पण सुजेवरचा पूर्ण परिणाम दिसायला चार ते आठ आठवडे लागू शकतात. एक वेळ चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट देऊ नका.

अन्नासोबत द्या. सकाळची खरी अडचण शाळेची असते : सातची बस, पोरगं झोपेत, दूध अर्धं टाकलेलं आणि गोळी घशाखाली ढकललेली. तसं न करता अर्धी पोळी, उपमा, पोहे, दूध-केळं असं काहीतरी चार-सहा घास आधी जाऊ द्या आणि मग गोळी. सकाळी अजिबात जमत नसेल तर डॉक्टरांना विचारून वेळ पुढे सरकवा. दिवसातून दोनदा द्यायचं औषध शाळेच्या दिवसांत जास्त सोयीचं, कारण मधला डोस शाळेत देण्याची कटकट राहत नाही. मेलोक्सिकॅम तर दिवसातून एकदाच पुरतं. हे डॉक्टरांकडे मोकळेपणाने बोला, वेळापत्रकावरून औषध निवडणं ही रास्त मागणी आहे.

गोळीसोबत पेलाभर पाणी पाजा आणि लगेच आडवं होऊ देऊ नका. वरचा थर जठरात विरघळू नये म्हणून खास लेप दिलेल्या गोळ्या असतात, त्या कुटायच्या किंवा मोडायच्या नाहीत. कोणती मोडता येते, हे काउंटरवर विचारा. सिरप असेल तर बाटली नीट हलवा आणि सोबत मिळालेल्या मापानेच द्या. घरातल्या चमच्याचा भरवसा नाही.

अन्नासोबत दिल्याने मळमळ, जळजळ, पोटातली कुरकुर कमी होते. अल्सरचा धोका मात्र त्याने पुसला जात नाही. “आम्ही तर भरल्या पोटीच देतो” म्हणून पुढची लक्षणं दुर्लक्षित करू नका.

तिखटाबद्दल सगळेच विचारतात. सावजी रस्सा किंवा तर्री-पोह्यांमुळे अल्सर होत नाही. पण आधीच जळजळणाऱ्या पोटात तर्री गेली तर मूल कळवळणारच. संत्र्याचंही तसंच : रिकाम्या पोटी संत्र्याचा रस नको, जेवणानंतर फोड खायला हरकत नाही. संधिवातात आंबट बंद, दही बंद, डाळी बंद अशी जी यादी शेजारीपाजारी देतात ती मुलाला लावू नका. या मुलांची भूक आधीच कमी असते.

उपास असेल तर? लहानांनी करूच नये. पण नवरात्रात किंवा रमजानमध्ये मोठी मुलं हट्ट करतात. साबुदाण्याची उसळ खाऊन गोळी घेतली तरी चालते. निर्जळी उपास किंवा रोजा असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, कारण तिथे पोटाइतकाच मूत्रपिंडाचा प्रश्न असतो.

दुसरी पेनकिलर कुठून कुठून येते

हा भाग नीट वाचा, कारण माझ्या काउंटरवर सगळ्यात जास्त गोंधळ इथेच दिसतो. एकाच कुळातली दोन औषधं एकत्र दिली तर फायदा दुप्पट होत नाही, पोटाचा धोका मात्र वाढतो. आणि दुसरं औषध आपलं नाव सांगत येत नाही.

मुलाला ताप आला. घरात मागच्या वेळची मेफ्टल-पीची बाटली आहे. तिच्यात मेफेनॅमिक अॅसिड असतं, म्हणजे याच कुळातलं. ताप उतरवायला कॉम्बिफ्लॅम दिलं, तर त्यात आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही. आजोबांच्या डब्यातली पाठदुखीची गोळी बहुधा अॅसिक्लोफेनॅकची. डिस्प्रिन म्हणजे अॅस्पिरिन. पूर्वी मुलांच्या संधिवातावर अॅस्पिरिनच देत, पण फ्लू किंवा कांजिण्यांच्या वेळी त्याने मेंदू आणि यकृतावर घाला घालणारा रे सिंड्रोम होऊ शकतो हे कळल्यावर ते मागे पडलं. निमेसुलाइड १२ वर्षांखालील मुलांना द्यायला आपल्याकडे २०११ पासूनच बंदी आहे, तरी ते जुन्या डब्यांतून निघतंच.

सगळ्यात फसवा प्रकार पोटदुखीच्या गोळीचा. मूल पोट धरून बसलं की कुणीतरी मेफ्टल स्पास आणून देतं. तिच्यातही मेफेनॅमिक अॅसिड आहे. म्हणजे पेनकिलरने दुखणाऱ्या पोटावर आणखी एक पेनकिलर. पाळी सुरू झालेल्या मुली तर दर महिन्याला हीच गोळी मैत्रिणीकडून घेऊन टाकतात आणि घरी सांगत नाहीत. आयांनी मुलींशी याबद्दल आधीच बोलून ठेवावं. रोजची नॅप्रोक्सेन चालू असेल तर पाळीच्या दुखण्यालाही बऱ्याचदा तीच पुरते. कमी पडली तर वर काय घ्यायचं ते डॉक्टर सांगतील.

उपाय सोपा आहे. घरातला औषधांचा डबा पलंगावर उपडा करा. प्रत्येक स्ट्रिपच्या मागे घटकांची नावं बारीक अक्षरात छापलेली असतात, ती वाचा. इंग्रजी वाचता येत नसेल तर जवळच्या औषध दुकानात नेऊन विचारा. वर दिलेल्या कुळातलं जे निघेल ते मुलाच्या डब्यातून बाहेर काढा. तापासाठी साधं पॅरासिटामॉल ठेवा, वजनाप्रमाणे डोस लिहून घेतलेलं. आणि ताप दोन दिवसांत उतरला नाही तर डॉक्टरांना कळवा. संधिवाताच्या मुलांचा ताप ‘साधा’ समजून काढू नये.

पोट दुखतं म्हणाली तर

घाबरून गोळी फेकू नका, आणि “सवय होईल” म्हणून दामटूही नका. आधी बघा.

कुठे दुखतं? लहान मूल कुठेही दुखलं तरी बेंबीवर बोट ठेवतं. पण बरगड्यांच्या खाली मधोमध दुखत असेल, जेवणाशी त्याचा संबंध दिसत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, तर जठराचा संशय जास्त. गोळीनंतर तासाभरात मळमळ होऊन मग निवळत असेल तर ते वेगळं. वहीत चार रकाने आखा : तारीख, गोळीची वेळ, काय खाल्लं, काय झालं. दोन आठवड्यांची अशी वही डॉक्टरांना दहा मिनिटांच्या बोलण्यापेक्षा जास्त सांगते.

मूल मेथोट्रेक्सेटवर (मूळ संधिवात आटोक्यात ठेवणारं औषध) असेल तर त्याचा वारही लिहा. ते आठवड्यातून एकदाच असतं आणि त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मळमळ, उलटी, अन्नावरची वासना जाणं हे त्याचं नेहमीचं काम. काही मुलांना तर नुसती पिवळी गोळी दिसली तरी उमळून येतं. दर सोमवारी पोट बिघडत असेल आणि रविवारी मेथोट्रेक्सेट असेल, तर रोजच्या नॅप्रोक्सेनला दोष देऊन उपयोग नाही. फॉलिक अॅसिड लिहिलेलं असेल तर ते न चुकवता द्या.

बद्धकोष्ठ विसरू नका. चालायला दुखतं म्हणून मूल संडासला जायचं टाळतं, उकिडवं बसवत नाही, मग पोट दुखतं. अशा वेळी कमोडची खुर्ची आणि भरपूर पाणी यांचाच जास्त उपयोग होतो.

एक गोष्ट गंभीर आहे. कंबर, नितंब, टाचा धरणारा एक प्रकार मोठ्या मुलग्यांमध्ये जास्त दिसतो. त्यातल्या काहींना आतड्याची सूजही असते. जुलाब हटत नाहीत, शौचात रक्त दिसतं, वजन घटतं, उंची वाढत नाही, असं असेल तर दोष गोळीचा नसून आतड्याचा असू शकतो, आणि या गोळ्यांनी तो भडकू शकतो. हे पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत ठेवू नका.

गॅसच्या गोळीबद्दल

आपल्याकडे कुठल्याही औषधासोबत गॅसची गोळी मागायची पद्धत पडली आहे. मला ती पटत नाही. ज्या मुलाला काही त्रास नाही, त्याला महिनोन्महिने आम्ल कमी करणारी गोळी द्यायची गरज सहसा नसते. त्रास असेल, आधी अल्सर झाला असेल किंवा सोबत स्टेरॉइड चालू असेल, तर डॉक्टर ओमेप्राझोल किंवा लॅन्सोप्राझोल लिहितात आणि तिथे ते खरंच उपयोगी पडतं. ते नाश्त्याआधी अर्धा तास द्यायचं, सुजेची गोळी नाश्त्यानंतर. अनेक घरांत हे नेमकं उलटं होतं. मोठ्यांसाठी मिळणारी, दोन औषधं एकत्र असलेली गॅसची कॅप्सूल मुलाला अर्धी करून देऊ नका. गुलाबी सिरपने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण रोज द्यावं लागत असेल तर मूळ तक्रार झाकली जातेय.

आणि त्रास हटतच नसेल तर गॅसच्या गोळ्या वाढवण्यापेक्षा मूळ औषध बदलायचं का, हे विचारा. एकाने त्रास होतो, दुसऱ्याने होत नाही, असं मुलांमध्ये बरेचदा घडतं. सेलेकॉक्सिब जठरावर तुलनेने कमी ताण टाकतं आणि दोन वर्षांवरील मुलांच्या संधिवातासाठी ते वापरलं जातं.

या वेळी वाट बघायची नाही

उलटीत रक्त, किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी काळपट उलटी. डांबरासारखी काळी, चिकट, घाण वास येणारी शी. पोट दगडासारखं कडक होऊन मूल हलूही देत नाही. अचानक पांढरंफटक पडणं, चक्कर, धाप, थंड घाम. यातलं काहीही दिसलं तर सुजेची गोळी तिथेच थांबवा आणि जवळच्या मोठ्या दवाखान्यात जा. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. सगळ्या स्ट्रिप आणि फाइल सोबत घ्या. सोबत स्टेरॉइड चालू असेल तर ते मात्र स्वतःहून अचानक बंद करू नका, तिथल्या डॉक्टरांना सांगा.

काळी शी दिसली म्हणून प्रत्येक वेळी रक्तच असतं असं नाही. लोहाच्या गोळीनेही शी काळपट होते. शाळेत दर आठवड्याला लोहाची गोळी देतात, लहानांना गुलाबी, मोठ्यांना निळी. काल शाळेत गोळी दिली का, हे मुलाला विचारा. लोहाची शी काळी पण घट्ट असते. रक्ताची पसरट, चिकट आणि वासावरून कळणारी. शंका राहिली तर दाखवूनच या.

नागपूरचा मे आणि पावसाळ्यानंतरचे महिने

पारा ४५ च्या वर गेला की इथे धडधाकट माणसाचंही पाणी आटतं. शरीर सुकलेलं असताना मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवायचं कामही तीच प्रोस्टाग्लँडिन करतात जी गोळी थांबवते. म्हणून ऊन लागलं, जुलाब-उलट्या सुरू झाल्या, मूल पाणी पीत नाही, लघवी कमी आणि गडद होतेय, असं दिसलं तर सुजेची गोळी त्या दिवसापुरती रोखून डॉक्टरांना फोन करा. ओआरएस देत राहा. एक-दोन दिवस गोळी न मिळाल्याने सांधे थोडे आखडतील, पण ते पुन्हा सैल करता येतात.

ऑगस्ट ते ऑक्टोबर डेंग्यूचे. डेंग्यूत प्लेटलेट उतरतात आणि या गोळ्या रक्तस्राव वाढवू शकतात. त्या महिन्यांत जोराचा ताप, अंगदुखी, डोळ्यांमागे दुखणं असेल तर गोळी थांबवायची का, हे डॉक्टरांना विचारा, तेही त्याच दिवशी. तोवर तापाला फक्त पॅरासिटामॉल. नव्या डॉक्टरकडे गेलात तर ‘संधिवाताची रोजची गोळी चालू आहे’ हे वाक्य तापाच्या आधी सांगा.

तपासण्या आणि पुढे

रोजची गोळी चालू असेल तर रक्ताची पूर्ण तपासणी, यकृत, मूत्रपिंड आणि लघवी सुरुवातीला आणि मग साधारण सहा ते बारा महिन्यांनी बघतात. मेथोट्रेक्सेट असेल तर जास्त वेळा. हिमोग्लोबिन घसरलं तर ते आजाराच्या सुजेमुळे असू शकतं, लोह कमी असल्याने असू शकतं, किंवा जठरातून थेंबथेंब रक्त जात असल्यानेही. नुसतं टॉनिक आणून समाधान मानू नका, कारण विचारा. पोटाचं इतकं लिहिलं, पण डोळ्यांची तपासणीही त्याच फेरीत उरका. या आजारात डोळ्याला आतून सूज येऊ शकते आणि मूल बहुधा काही तक्रार करत नाही.

सूज ताब्यात आली की बहुधा हीच गोळी सगळ्यात आधी कमी होते. मुख्य भार मेथोट्रेक्सेटसारख्या औषधांवर किंवा सांध्यात दिलेल्या इंजेक्शनवर असतो. म्हणून दर भेटीत विचारा, “आता ही लागते का?” बंद झाली की उरलेल्या स्ट्रिप डब्यात ठेवू नका. न फोडलेल्या असतील तर बिलासह दुकानात विचारून बघा, काही दुकानदार परत घेतात. धाकट्याच्या मुरगळलेल्या पायासाठी किंवा आजीच्या गुडघ्यासाठी त्या वापरायच्या नाहीत. आजीला बीपीची आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर त्या तिला मुलापेक्षाही महागात पडतील.